कललेले अलिफ

“वजू केल्याशिवाय कलमाला हात लावू नको, बेटा. अन् अलिफ कललेला असला तर कललेलाच राहू दे.”

नानांना, आईच्या वडलांना, जाऊन वर्ष होत आलं, तरी सफूराच्या कानात त्यांचे ते शब्द रोज पहाटे फजरच्या नमाजनंतर उमटायचे. हात-तोंड-पाय धुऊन, वजू करून ती बसायची आणि कुराणाच्या सगळ्यात जुन्या प्रतींचं अक्षर गिरवायची; सुरुवात अलिफपासून, उभ्या रेघेच्या त्या पहिल्या अक्षरापासून. सोमवार-गुरुवारच्या रोज्यासारखाच हाही नेम. नानांच्या नावाच्या वाचनालयाच्या पाटीवर याच अक्षरात बिस्मिल्लाह कोरायची, हे तिनंच ठरवलं होतं.

तसं लिहिलेला कागद घेऊन ती कनेरगाव नाक्यावरच्या दगडाच्या दुकानात गेली, तेव्हा जळबा मिस्त्री जेवायला गेले होते. कागद घेतला तो त्यांच्या हाताखालच्या मुजीबनं. भुवयांवर पांढरी भुकटी, आणि नजर... कागदावर कमी, तिच्यावर जास्त.

पुढच्या आठवड्यात पाटी तयार होती. सफूरा बघतच राहिली.

“हे... सरळ काहून केलं?”

कटरच्या आवाजात मुजीबला ऐकू गेलं नाही. तिनं बटणाकडं बोट दाखवलं. मशीन थांबलं.

“अलिफ सरळ काहून केले?”

“सगळ्या उभ्या रेघा तिरप्या होत्या ना,” मुजीब खुशीत म्हणाला. “म्हटलं, तुमचा हात थरथरला असंल. बराबर करून दिल्या.”

“माझा हात थरथरत न्हाई.” आवाज हळूच, पण तिनं नजर हलवली नाही. “ताठ, रुंद बसतं ते कूफी. हे हिजाजी, त्याच्याही आधीचं. त्यात रेघा उजवीकडं अशाच कलतात. सुधारायच्या नसतात.”

“घ्या,” मागून जळबा हसले. “पोरीनं दिलेलं गुमान कोरायचं सोडून लेकरू मास्तर झालं.”

मुजीबचे कान लाल झाले. “नवा दगड घेतो. गुरुवारी या.”

गुरुवारी काळ्या दगडावर अलिफ कलले होते... वाऱ्यानं वाकलेल्या ज्वारीगत. सफूरानं त्यांच्यावरून बोट फिरवलं.

“आता?” त्यानं विचारलं.

“आता नानांचे.”

तो घुटमळला. “वसमतच्या स्थळाला... उद्या तुमचे अब्बा होकार देऊन राहिले म्हणे?”

सफूरानं पाटीवरची भुकटी पुसली.

“माझी अम्मी तुमच्या घरी यायला तयार हाय. पण आधी तुमाला विचारतो. न विचारता बराबर करायची खोड मोडली माझी.”

सफूरा दगडाकडं बघूनच म्हणाली, “अम्मीला उद्या सकाळी पाठवा. अब्बांशी आज मी बोलते.”

“तुमी? तुमचा आवाज तर मशीन बंद केल्याबिगर ऐकू येत न्हाई.”

“म्हणून तर पहिले मशीन बंद करायला लावते.”

तो हसला. कागदात बांधलेले खजूर त्यानं पाटीवर ठेवले. “आज रोजा असंल. मगरिबला...”

संध्याकाळी मगरिबची अजान झाली. त्याच खजुरावर तिनं रोजा सोडला, नमाज अदा केली, मुसल्ल्याची घडी केली. बैठकीत अब्बा बातम्या बघत होते. टीव्हीवर चौघंजण एकदम ओरडत होते.

सफूरानं ओढणी सारखी केली, बैठकीत गेली, आणि आधी टीव्ही बंद केला.