जाते म्हणू नये

लंकाबाई नातीला छातीशी बांधून बसली होती. तसं पाहिलं तर काम काहीच नाही, नुसतं बसायचं. ऊसतोडीवर असतानाच पोरगी दिवस भरायच्या आधी झाली, सून राजेश्वरी तापानं फणफणलेली, म्हणून राहात्याच्या त्या छोट्या दवाखान्यात ऊब द्यायचं काम आजीकडे आलं. रोहिणी सिस्टरनं बजावलं होतं, की एवढी लहान लेकरं श्वास घ्यायलाच विसरतात. हालचाल थांबली की तळपायाला टिचकी मारायची, आणि डोळा मुळीच लागू द्यायचा नाही.

आता सांगा, रात्र रात्र जागलेली बाई, भर दुपार, छातीशी उबदार गाठोडं. डोळा लागणार नाही तर काय होईल?

टिचकीच्या आवाजानं ती दचकून जागी झाली. पांढऱ्या लुगड्यातली एक म्हातारी तिच्यावर वाकली होती. पोरगी निळसर पडली होती, पण बारीक आवाजात रडत होती. खोलीत जुन्या कापसाचा आणि तापवलेल्या दुधाचा वास भरला होता. म्हातारीनं बांधलेलं फडकं नीट आवळलं. हात असे ऊन, की लंकाबाईला आईच आठवली.

"जाते गं," म्हातारी म्हणाली.

असं अभद्र कुणी बोलतं का! लंकाबाईच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "अवो बाई, जाते म्हनू न्हाई. येते म्हनावं."

म्हातारी थबकली. तिच्या डोळ्यांत काळजी दाटली. "बरं... येते."

रोहिणी औषध घेऊन आली तेव्हा लंकाबाईनं हे सगळं कौतुकानं सांगितलं. रोहिणीचा चेहरा उतरला. एवढ्या वयाची बाई इथं कामाला कुणीच नाही, ती म्हणाली. मग खाटेवर टेकून तिनं सगुणाबाई डॉक्टरांचं सांगितलं. या भागात लेकरं ऊबेत ठेवायची काचेची पेटी कुणी पाहिलीही नव्हती, तेव्हा त्यांनी अशी लेकरं आयांच्या उराशी बांधून जगवली. लोक हसायचे, त्या बांधत राहायच्या. त्यांना जाऊन आता कितीतरी वर्षं झाली होती. पण लेकरू तरलं की त्या 'जाते' म्हणतात, असं जुन्या सिस्टर सांगायच्या.

"आन् येते म्हनल्या तर?"

"तर परत यावं लागतं," रोहिणी हळूच म्हणाली. "त्याच लेकरासाठी..."

लंकाबाईनं स्वतःच्या जिभेला लाख शिव्या घातल्या. पुढं तिनं पापणी लवू दिली नाही. तरी दुसऱ्या दुपारी छातीवरची ती इवलीशी धडपड थांबलीच. तिनं टिचकी मारली. काही नाही. पुन्हा मारली. काही नाही... मग तिच्या बोटांशेजारून दोन ऊन बोटं पुढं सरकली, आणि पोरगी टाहो फोडून रडली.

"जाते गं," म्हातारी म्हणाली.

लंकाबाईनं ओठ दातांखाली दाबला. जीव वाचवणाऱ्या बाईला असं बोलायचं म्हणजे काळीज फाटत होतं. "जावा, बाई," ती रडत म्हणाली. "सुखानं जावा."

म्हातारी समाधानानं हसली. दाराकडे वळताना शेजारच्या रिकाम्या खाटेपाशी थांबली. चादर सारखी केली, मधोमध तळहात टेकवून ठेवला, ऊब धरावी तसा. मग त्या खाटेकडे बघत पुटपुटली, "येते हं..."

बाहेर फाटकाशी टेम्पो थांबला. आतली बाई कळांनी कण्हत होती.