भनपुरीच्या सिग्नलला अडकलेला पाय

गुडघ्यावर हळद.

माझ्या लॅबमध्ये सळई तुटेपर्यंत ताणतात. मग लिहून ठेवतात, कुठे तुटली.

काही माणसांना ‘भैया’ म्हटलं की त्यांचे कान लाल होतात.

आई : पुन्हा पडलीस तर सायकल विकायची, ऋता. स्कूटर घ्यायची.

माझी लॅब उरल्याच्या स्टील मिलमध्ये; तिथला जिना लोखंडी आहे. त्यावर कायम तेल.

तर — भनपुरीचा सिग्नल. सकाळ. पुढे ट्रक, मागे ट्रक, मध्ये मी. लाल दिवा लागला, मी थांबले, आणि पाय पेडलमधून सुटलाच नाही. नवं पेडल. बुटाच्या तळाची पट्टी त्यात खट्‌कन अडकते, टाच बाहेर फिरवली की सुटते. सुटायला हवी... मी उभ्या उभ्या, सायकलीसकट आडवी.

“टाच! टाच बाहेर फिरवा!” मागून एक सायकलवाला ओरडत आला.

शिशिर. बूढापारा भागातला सायकल दुकानदार. गेल्याच आठवड्यात हे पेडल मला त्यानंच विकलं होतं. त्याचा हात माझ्या कोपराखाली आला. धूळ, डिझेल, त्याच्या शर्टाला साबणाचा वास...

“लागलं का?”

“हात सोडा आधी, भैया.”

कान लाल.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिलमधून थेट त्याच्या दुकानात. बूट काउंटरवर आपटला.

“मी काय सांगितलं होतं तुम्हाले? रोज उरला, रविवारी लांब राइड. जिन्याचंही सांगितलं होतं. बुटाखाली हा प्लास्टिकचा एवढा मोठा खूर लावून मी तेलावर बकरीसारखी चालून राहिली!”

“रेसिंगचे आहेत. पाय हलत नाही, जोर पूरा मिळते—”

“रेस कोणासोबत लावू? ट्रकसोबत?”

तो पाना पुसत राहिला. पाना स्वच्छ होता.

“बोल ना! काहून दिले?”

‘तुम्ही’ कुठे गळून पडलं, दोघांनाही कळलं.

“माझे... तेच आहेत,” तो म्हणाला. “मले वाटलं, रविवारी तू माझ्यासोबत निघशील. पेडल सारखे असले तर... स्पीडही सारखी...”

मला इतका राग आला! त्यात थोडं गोड वाटलं, म्हणून आणखी आला.

“तुझ्या एका रविवारसाठी मी आठवडाभर घसरू? विचारायचं ना मले! घरी सायकल विकायला निघाले, शिशिर. तो उरल्याचा रस्ता — दिवसभरात तेवढाच माझा आहे.”

“सॉरी.”

“सॉरी नको. डबे काढ.”

त्यानं सगळ्या जोड्या काउंटरवर मांडल्या आणि तोंड बंद ठेवलं. जमत नव्हतं त्याला, ओठ हलत होते. मी एकेक पेडल हातात घेऊन फिरवून पाहिलं. मग उचललं ते — एका बाजूला साधं, दुसऱ्या बाजूला अडकणारं. याची पट्टी लहान, धातूची, बुटाच्या तळात लपणारी. जिन्यावर टेकत नाही. ट्रकांमध्ये साधी बाजू. रस्ता मोकळा झाला की दुसरी.

“हे. आणि याचे बूट. जुने परत घे.”

“हव.” मग थांबून, “पट्टी धरणारी स्प्रिंग... किती कसू?”

पहिल्यांदा विचारलं त्यानं.

“एकदम ढिली. नंतर मी कसेन. मी.”

त्यानं खाली बसून पेडल लावलं. मी नवे बूट घालून, भिंतीला हात टेकून सायकलीवर. खट्. सुटला. खट्. सुटला.

“टाच—”

“माहीत आहे!”

तो हसला. मान खालीच. “मग... रविवारी?”

“माझ्या स्पीडनं चालशील?”

“चालीन.”

“ऐक मग. तू मले आवडतोस. आणि त्याचाच जास्त राग येऊन राहिला.”

पाना हातातून पडला.

“आता भैया तर नाही ना म्हणणार?”

“पडली तर म्हणीन.”

आदल्या उन्हाळ्यात शिशिर त्याच रेसिंगच्या पेडलांमुळे तलावाच्या काठावर पडला होता, आणि रविवारी मला सांगेपर्यंत त्यानं ते कोणालाही सांगितलं नव्हतं.