डिकीवरचे टवके

दगड लागून उडालेला रंगाचा टवका लांबट असतो. दगड तिरका येतो, म्हणून टवक्याला मागच्या बाजूला बारीक शेपटी राहते. सरळ ठोकल्याने उडालेला टवका तसा नसतो. त्याच्या कडा उभ्या तुटतात आणि भोवती केसासारख्या चिरा पडतात. ज्या वस्तूने ठोकलं, तिचा आकारही कधीकधी त्यात राहतो.

आमच्या गाडीच्या डिकीवरचे टवके चौकोनी होते.

आणि डिकीवर दगड उडत नाहीत.

पुढचं कुणाला पटेल अशी माझी अपेक्षा नाही. मी प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासते. दिसलं तेवढंच लिहायचं, वाटलं ते लिहायचं नाही, ही तिथली सवय. त्याच सवयीने हे लिहिते आहे. पदरचं काहीही घातलेलं नाही. आणि हे रात्री घडलेलं नाही. रविवारची दुपार होती, बाहेर लख्ख ऊन होतं. जागा म्हणजे आमच्या घरामागचं गॅरेज.

गॅरेज एका गाडीपुरतं. मागच्या भिंतीला बाबांचं कामाचं टेबल. बाबा गाडी नेहमी उलटी आत घ्यायचे आणि आई टेबलाला पाठ लावून उभी राहायची. बाबांचे कान जड. हाका मारून मारून आईचा घसा बसायचा. म्हणून त्यांनी एक खूण ठरवली होती. आई हातातल्या अंगठीने डिकीवर वाजवायची.

दोनदा वाजलं की 'ये अजून'.

एकदा वाजलं की 'थांब'.

"सगळ्यांच्या गाडीला तीन आरसे," बाबा पाहुण्यांना सांगायचे, "माझ्या गाडीला चौथा आहे. फक्त तो रंग खातो."

"खरं बोलणारा तेवढा एकच आहे," आई म्हणायची.

अंगठीला चौकोनी खडा होता. त्याने टवके उडायचे आणि बाबा ते घरीच भरायचे. स्पिरिटने पुसायचं, बारीक पॉलिश पेपरने गंज काढायचा, प्रायमरचा ठिपका, मग काडीच्या टोकाने रंग. एकदम जाड थेंब नाही. पातळ थर, तो वाळला की दुसरा. शेवटी लॅकर. हे सगळं मी लहानपणी त्यांच्या शेजारी उकिडवं बसून शिकले.

गेल्या हिवाळ्यात आई त्याच गॅरेजमध्ये वारली.

बाबांनी गाडी आत घेतली, उतरून पाहिलं, तर ती टेबलापाशी खाली बसलेली होती. हृदयाचं दुखणं जुनं होतं. पाठीवर, बरगड्यांखाली एक आडवा निळा पट्टा होता. पडताना टेबलाची कड लागली असेल, असं सगळ्यांनी धरलं. मीही धरलं.

अंगठी माझ्याकडे आली. बोटात घालवेना. मी ती एका डबीत ठेवून कपाटाला कुलूप लावलं. किल्ली माझ्या पर्समध्ये असायची.

त्यानंतर एक गोष्ट बोलायची राहून जात होती. बाबांनी आता गाडी चालवू नये. फाटकाच्या खांबाला दोनदा घासली होती. समोरून येणारा माणूस त्यांना उशिरा दिसत होता. पण मी संध्याकाळपर्यंत कामावर, नवरा बाहेरगावी. माझ्या लेकीला पोहण्याच्या वर्गाला बाबाच न्यायचे. तिला ते ठकी म्हणतात.

"तूच सांग त्यांना. तुझं ऐकतात," दादा फोनवर म्हणायचा.

"तू मोठा आहेस ना?"

"म्हणून तर माझं ऐकत नाहीत."

आई गेली आणि आता गाडीही काढून घ्यायची? माझी जीभ रेटत नव्हती. पुढच्या आठवड्यात बोलू, असं म्हणत उन्हाळा आला.

एका सकाळी मी डिकी पुसत होते. तेव्हा दिसलं...

डिकीच्या कडेला टवक्यांचा पुंजका होता. बाबांनी ते भरले होते. पण रंगाचे थेंब टवक्यांत नव्हते. प्रत्येक थेंब टवक्याच्या शेजारी पडला होता.

तरीही मी डोळ्यांचा विषय काढला नाही. मी रंगाची नवी बाटली आणली.

"हा आपला निळा नव्हे," बाबा गाडीजवळ नाक नेऊन म्हणाले. "हिरवट मारतोय. डोळे फुटले का तुझे?"

मला हसावं की रडावं कळेना. पण ते बरोबर होते. छटा जराशी हिरवट होती. डिकीला कोण बघतंय, म्हणून मी तोच रंग लावला. सगळे टवके भरले.

पुढच्या रविवारी पाहिलं तर... सगळे रिकामे.

रंग सुटला असता तर खाली पोपडे पडले असते. फरशी स्वच्छ होती. खाली तेलाचा अंश राहिला असेल, प्रायमर नीट वाळला नसेल, अशी कारणं मी एकेक करून काढली. पुन्हा घासलं, पुन्हा पुसलं, थर देताना दुप्पट वेळ थांबले. टवके पुन्हा उघडले.

आणि कडेला नवे आले होते.

मग तो रविवार. बाबा जेवून आडवे झाले होते. ठकी तिच्या खोलीत होती. मी स्टूल घेऊन डिकीसमोर बसले, टेबलाला पाठ लावून. शटर अर्धं उघडं होतं. बाहेर चिमण्यांचा कलकलाट चालू होता. मी काडी रंगात बुडवली आणि पहिला टवका भरला.

चिमण्या गप्प झाल्या.

उडाल्या नाहीत. नुसत्या गप्प झाल्या.

आणि मग...

टक.

पत्र्यावर. माझ्यासमोर, हाताच्या अंतरावर.

उन्हाने पत्रा तापला की वाजतो, हे मला माहीत आहे. पण गाडी सकाळपासून सावलीत होती. मी हात लावला. पत्रा थंडगार होता.

टक.

या वेळी मी पाहत होते. नुकत्याच भरलेल्या ओल्या रंगात... एक खळगा पडला.

चौकोनी.

त्या खळग्याच्या तळाशी पत्रा चमकत होता. मधला रंग गेला होता. बाजूला सरकला नव्हता, गेला होता.

टक. टक. टक. टक...

एक नाही. दोन नाही. मध्ये न थांबता, कुणीतरी जीव खाऊन ठोकावं तसं. मग एकदम बंद. त्याच क्षणी माझ्या पाठीत टेबलाची कड रुतली.

मी मागे सरकले होते की गाडी माझ्याकडे आली होती, हे मी खात्रीने सांगू शकत नाही. स्टूल हलवलेलं मला आठवत नाही.

मी घरात गेले. पर्समधून किल्ली काढली, कपाट उघडलं, डबी उघडली. अंगठी होती तशीच होती. खिडकीशी नेऊन मी तिच्यावर भिंग धरलं.

खड्याच्या कोंदणात रंग अडकला होता.

आईच्या हाताने लागलेला जुना निळा असता, तर मी डबी बंद केली असती. हा निळा नव्हता. हिरवट होता. आई गेल्यावर मी आणलेल्या बाटलीतला.

मी बोट लावलं. बोटाला रंग आला.

ओला होता.

"आई, आम्ही निघतोय!" बाहेरून ठकीचा आवाज आला.

मी अंगठी मुठीत धरून गॅरेजमध्ये धावले. बाबा गाडीच्या दाराशी उभे होते, किल्ली हातात. ठकी पाठीला पिशवी लावून उड्या मारत होती.

"बाबा," मी म्हणाले, "आई गेली त्या दिवशी... तिने किती वेळा वाजवलं होतं?"

ते माझ्याकडे पाहत राहिले. किंवा माझ्या शेजारी. आता त्यांची नजर कुठे असते ते कळत नाही.

"आज हे काय मधेच?"

"सांगा ना. एकदा की दोनदा?"

मला वाटलं, ऐकू गेलं नाही. मग ते अगदी हळू म्हणाले, "एकदा नाही, दोनदा नाही. सारखी वाजवत होती गं. टकटक, टकटक. एकदाच वाजलं असतं तर थांबलो असतो ना मी. मला वाटलं, ये, ये म्हणतेय." त्यांनी किल्ली दुसऱ्या हातात घेतली. "म्हणून घेत गेलो. मग गाडी अडली. जरा पुढे घेऊन उतरलो."

मी टेबलाकडे पाहिलं. आईच्या बरगड्यांइतक्या उंचीवर त्याची कड होती.

जीव गुदमरताना एकदाच वाजवून कोण थांबेल?

"कुणाला सांगणार होतो?" बाबा म्हणाले. "ते टवके भरले मी. सगळे भरले. राहत नाहीत."

म्हणजे तेही पाहत होते. माझ्याआधीपासून.

ठकीला यातलं काहीच कळलं नव्हतं. तिने माझा हात ओढला.

"आई, आता आजीचं काम मी करते. गाडी आत घेताना मी मागे उभी राहते."

"कुठे उभी राहतेस?"

"ही काय, इथे." ती टेबल आणि डिकी यांच्या मधल्या फटीत शिरली आणि पाठ टेकवून उभी राहिली. डिकीची कड तिच्या गळ्याशी येत होती. "आजोबांनी शिकवलंय."

"तू कशाने वाजवतेस?"

"मी कुठे वाजवते?" ती हसली. "माझ्याआधीच वाजतं."

बाबांनी मान खाली घातली.

"किती वेळा वाजतं, ठके?"

"दोनदा. दर वेळी दोनदाच. दोन म्हणजे काय गं, आई?"

या गोष्टीला आता बरेच दिवस झाले. अंगठी पुन्हा डबीत आहे आणि डबी मी अजून उघडलेली नाही. आई थांबवत होती, की बोलावत होती, आणि बोलावत असेल तर कुणाला? रात्री जाग आली की मी तेच मोजत राहते. एक की दोन.

त्या दुपारी मात्र मी मोजत बसले नाही. ठकीला दंडाला धरून त्या फटीतून बाहेर ओढलं. ती कळवळली. मी बाबांच्या समोर जाऊन उभी राहिले, त्यांना दिसेन इतकी जवळ, आणि त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले,

"बाबा, किल्ली माझ्याकडे द्या. यापुढे तुम्ही गाडी चालवायची नाही."