हे मी म्हणतेय

सातारा स्टँडवर सांगली गाडी सुटायच्या बेतात होती आणि प्रियदर्शनी खिडकीतून खाली उभ्या असलेल्या अंकिताशी हातांनी बोलत होती. दोघींनी कर्णबधिर मुलांना शिकवायचं शिक्षण एकत्रच घेतलेलं. स्टँडच्या गोंगाटात घसा फोडण्यापेक्षा खुणांची भाषा बरी. शिवाय कुणाला कळतही नाही!

‘शेजारी कोण बसलाय?’ अंकितानं विचारलं.

‘हिरो आहे गं. पण मिशी… निव्वळ झाडू!’

शेजारच्या तरुणानं हळूच मान पुढं काढली आणि अंकिताकडं बघत सराईत हातांनी सांगितलं, ‘झाडू उद्या काढतो. हिरो तेवढा राहू द्या.’

अंकिता पोट धरून हसत सुटली. गाडीही सुटली. प्रियदर्शनी मात्र गजाला कपाळ टेकवून उंब्रज येईपर्यंत बाहेरचा ऊस बघत राहिली.

“माझं गाव,” उंब्रजच्या थांब्यावर तो म्हणाला. आवाज जरा जाडाभरडा, वरखाली होणारा. “पण उतरणार नाही. सांगलीला शाळेत गणित शिकवतो. कर्णबधिर शाळेत.”

तिनं डोळे मिटले. ती तिथंच रुजू व्हायला निघाली होती. शेवटी तिनं ते सांगून टाकलं.

“मग सांगा,” तिचे ओठ नीट दिसावेत म्हणून तो तिच्याकडं वळून बसला, “मिशी ठेवू का काढू? रोज तुम्हालाच बघायची आहे.”

साईराज त्याचं नाव. ऐकणं आठव्या वर्षी तापात गेलं होतं. बोलणं राहिलं. उरलेलं सगळं त्यानं हातांनी आणि डोळ्यांनी कमावलं.

प्रियदर्शनीच्या वर्गात झुबेदा नावाची मिरजेची सहा वर्षांची पोर होती. घरी खुणा कुणालाच येत नव्हत्या, त्यामुळं शाळेत आली तेव्हा तिच्याकडं भाषाच नव्हती. पाणी, भूक, नको… बस. प्रियदर्शनी दिवसभर तिच्यासमोर जमिनीवर बसून असायची. संध्याकाळी रडकुंडीला यायची, तेव्हा व्हरांड्यात साईराज चहाचा कप पुढं करायचा. ‘झाड लावलंय. रोज उपटून मुळं बघू नका.’

आणि एका सकाळी खिडकीवर आलेलं माकड पळून गेलं, तशी झुबेदानं प्रियदर्शनीची ओढणी ओढली आणि विचारलं, ‘का?’

माकड का गेलं! तिच्या आयुष्यातला पहिला प्रश्न!

प्रियदर्शनी धावत गणिताच्या वर्गात शिरली. ‘तिनं “का?” विचारलं! “का?”!’ साईराजनं खडू टाकला आणि तिचे दोन्ही हात धरले… धरूनच ठेवले. हात धरल्यावर बोलणार कसं? मागं अख्खी नववी टाळ्यांची खूण करत हात हवेत नाचवत होती.

घरी लग्नाचं कळलं आणि आभाळ फाटलं. फलटणजवळच्या खेड्यात तिचे वडील, तोफखान्यातून निवृत्त झालेले सुभेदार लालासाहेब गरजले, “बहिऱ्याला लेक? माझ्या जित्तेपणी न्हाई!”

“मी येतो,” साईराज म्हणाला. “नाही म्हणायचं तर मला बघून म्हणू देत.”

रविवारी तो आला. सोप्यात माणसं जमली होती. चुलते आप्पासो गप्पा मारत होते. कुणी हसलं की लालासाहेब हसत, कुणी बोललं की मान हलवत. साईराज कोपऱ्यातून बघत राहिला.

“दादा, उसाला तोड कवा?” आप्पासोंनी विचारलं.

“व्हय, व्हय,” लालासाहेबांनी मान हलवली.

मग कुणीतरी विषय बदलला.

साईराज उठला. खुर्ची उचलून त्यानं थेट लालासाहेबांसमोर, उजेडात ठेवली आणि सावकाश म्हणाला, “काका, मलाबी न्हाई ऐकू आलं.”

लालासाहेब दचकले.

“अशी मान मीपण लय वर्षं हलवली. दुसरे हसल्यावर हसलो. लय दमायला होतं, काका.”

लालासाहेबांची ताठ मान पहिल्यांदा खाली गेली. “तोफंनं नेलं कान,” ते पुटपुटले. “घरात कुणालाच सांगितलं न्हाई. सुभेदार बहिरा म्हणत्याल…”

दारात उभी प्रियदर्शनी हे ऐकत होती. परक्यांच्या लेकरांना शिकवणाऱ्या तिनं स्वतःच्या बापाची हलती मान कधी वाचलीच नव्हती.

त्या दिवशी दोघं दिवेलागणीपर्यंत समोरासमोर बसले. कानात मशीन घातल्यावर डोकं दुखतं का, लगीनघरात काय करायचं, समोरच्याला “पुन्हा सांग” म्हणताना लाज कशी सोडायची… लालासाहेब विचारत होते, साईराज सांगत होता.

महिन्याभरानं लालासाहेब कानात नवं मशीन घालून सांगलीच्या शाळेत हजर झाले. मैदानात उभं राहून त्यांनी पोरांचा कलकलाट ऐकला. डोळे पुसले. मग लेकीकडं वळून म्हणाले, “मी बहिऱ्याला लेक देत न्हाई. माझ्या दोस्ताला देतोय. घरातली समदी पाठ फिरवून बोलत्यात गं, ह्यो एकटा समोर बसला.”

त्यांची पाठ साईराजकडं होती. त्याला एक शब्द दिसला नव्हता.

‘काय म्हणाले?’ त्याचा चेहरा उतरला होता. आयुष्यभर या प्रश्नाला ‘नंतर सांगतो’ हेच उत्तर मिळालेलं.

प्रियदर्शनी त्याच्यासमोर आली. एकही शब्द न गाळता तिनं सगळं हातांनी सांगितलं. बहिऱ्याला नाही, दोस्ताला. मग तिचे हात थांबले… आणि पुन्हा उठले. ‘आणि मुलगी म्हणते, बाप नाही म्हणाला असता, तरी मी तुझीच होते.’

साईराज बघतच राहिला. ‘हेही काका म्हणाले?’

‘नाही रे, वेड्या,’ तिनं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. ‘हे मी म्हणतेय.’