कणगीतली बाटली

"वैनी, कॅन्टीनची एखादी असंल तर घ्या संगं... त्याबिगर कावळा शिवायचा न्हाई!"

दीर केरबा दारातून एवढंच बोलले आणि शालूबाईंनी हातातलं पिंडाच्या भाताचं पातेलं खाली ठेवलं. आज ऋषिराजचा दहावा. चौतीस वर्षांचा पोटचा गोळा... आणि त्याच्या पिंडापुढं दारू ठेवायची! पण केरबांचं तरी काय चुकलं? गेलेल्याला जे आवडायचं ते ठेवायचं, ही गावची रीतच. आणि बाटली होती. ज्वारीच्या कणगीत कोपरापर्यंत हात खुपसला की लागायची. ती तिथं आहे हे एकट्या शालूबाईंना ठाऊक होतं, कारण ठेवली त्यांनीच होती.

पदराआड धरून त्यांनी ती पिशवीत टाकली. उंबऱ्यात सून क्रांती उभी होती. कणगीतून बाटली निघताना तिनं पाहिली. दहा दिवस ती सासूशी एक अक्षर बोलली नव्हती.

यजमान लालासाहेब फौजेतले सुभेदार. मिलिटरी कॅन्टीनच्या रमचा ते रोज संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून मोजून एकच पेग घ्यायचे. "कॅन्टीनची ती काय दारू असती व्हय?" असं अभिमानानं म्हणणारं ते घर! ऋषिराज फौजेच्या भरतीत उंचीला कमी पडून परतला, त्या दिवशी बापानंच पहिला पेला त्याच्या पुढ्यात सरकवला होता, पोराचं दुःख हलकं व्हावं म्हणून. सुभेदार गेले आणि पोरगं बाजारात गटारीकडेला पडलेलं सापडू लागलं. तेव्हा शालूबाईंनी तोडगा काढला... चारचौघांत अब्रू जाण्यापेक्षा घरात, आपल्या हातानं, मापानं द्यावी! मग दर महिन्याला दुखरे गुडघे घेऊन एसटीनं साताऱ्याला जायचं, कॅन्टीनच्या रांगेत उभं राहायचं आणि साबणाच्या वड्यांखाली रम दडवून आणायची. याला ती माउली त्याग समजत होती! झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि कुणी विचारलंच तर डोळ्याला पदर लावून म्हणायच्या, "सुनंच्या किरकिरीनं पितंय गं माजं लेकरू..." चोर सोडून संन्याशाला फाशी! गावानं ते खरं मानलं आणि क्रांतीला हळदीकुंकवाचं बोलावणं येईनासं झालं.

त्याच क्रांतीनं हट्टानं नवऱ्याला सांगलीच्या व्यसनमुक्ती केंद्रात नेलं. तिथले डॉक्टर शालूबाईंकडे बघून म्हणाले होते, "आजी, तुमचा मुलगा वाईट नाही, आजारी आहे. पण यापुढं एक घोटही नको. घरी आल्यावर कधी तगमग होईल, रडेल, पाया पडेल... तेव्हा देऊ नका, आम्हाला फोन करा."

चाळीस दिवसांनी ऋषिराज घरी आला, तेव्हा त्याच्या गालावर रक्त चढलं होतं. दोन-दोन भाकरी खात होता, म्हशीची धार काढत होता! पंधराव्या दिवशी क्रांती अंगणवाडीत कामाला गेलेली असताना त्यानं आईचे पाय धरले.

"आई, एकच... निस्ती एकच दे. क्रांतीला कळायचं न्हाई."

फोन समोरच्या फळीवर होता. शालूबाई कणगीकडे गेल्या.

त्या एकाच्या दोन झाल्या, दोनाच्या किती झाल्या... तीन महिन्यांनी रक्ताची उलटी झाली आणि साताऱ्याच्या दवाखान्यात सगळं संपलं.

कृष्णाकाठी पिंड मांडला गेला. समोरच्या झाडावर कावळे बसले होते, पण एकही खाली उतरेना. भावकीनं हात जोडून वचनं दिली, "ऋषिराज, तुजी म्हस सांभाळतो रं, आईकडं बघतो रं..." उन्हं वर आली. मागून शेजारच्या भामाबाईंचा आवाज आला, "कसा शिवंल? जित्तेपणी बायकूनं सुखाचा घास खाऊ दिला न्हाई त्याला!"

क्रांतीनं मान खाली घातली. रडलीसुद्धा नाही बिचारी... इतकी तिला त्या बोलण्याची सवय झाली होती! आपणच गावात पेरलेलं ते बोलणं! शालूबाई सुनेकडे बघतच राहिल्या.

"वैनी, काढा की बाटली," केरबा म्हणाले.

शालूबाईंनी बाटली काढली, बूच फिरवलं... आणि सगळी दारू वाळूत ओतून टाकली!

"आवं, ह्ये काय केलंसा?"

"भावजी, जिनं माजं लेकरू नेलं, ती त्याच्याच म्होरं ठिवू?" त्या माणसांकडं वळल्या. "ऐका समद्यांनी! माज्या सुनंचा काय बी दोष न्हाई. ती त्याला वडून बाहीर काढत हुती आन् मी... मी सवता पाजत हुते! सांगलीस्नं बरा हून आल्याव बी म्याच पाजली. पोरी, तुज्या कपाळाचं कुकू म्या पुसलं गं!"

भामाबाईंनी तोंडाला पदर लावला. शालूबाईंनी आशेनं झाडाकडं पाहिलं... आता तरी शिवेल! पण कावळा आला नाही. बराच वेळ वाट बघून केरबांनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला लावला, आणि माणसं पांगली.

शालूबाई वाळूतच बसून राहिल्या. उठून जायचं तरी कुठं? तेवढ्यात कुणीतरी दंडाला धरलं.

"आत्या," क्रांती म्हणाली. दहा दिवसांनंतरचा तो पहिला शब्द! "ह्ये तुमी तवाच बोलला असता तर..."

तिच्या अश्रूंचा इतक्या दिवसांचा बांध फुटला आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. मग तिनंच सासूचं तोंड पदरानं पुसलं.

"कणगीत आनखी हाय का?"

लपवायची वर्षानुवर्षांची सवय ओठापर्यंत आली. शालूबाईंनी ती गिळली.

"हाईत... दोन."

"चला घरी. दोगी मिळून वतू."