आधी आलेली शीट

नावं बदलली आहेत. बाकी काहीही बदललेलं नाही.

जागा, कळमनुरीहून वारंगा फाट्याकडे जाताना लागणारं एक खाजगी इंजिनिअरिंग कॉलेज. वेळ, गेल्या डिसेंबरातली एक संध्याकाळ. दिवस पुरता मावळलाही नव्हता. ज्यांच्यासोबत हे घडलं ते वैजनाथ सर आजही तिथेच शिकवतात.

सर पहिल्या वर्षाला इंजिनिअरिंग ड्रॉइंग शिकवायचे. पोरांची एक जुनी खोड. काचेखाली बल्ब लावायचा, काचेवर एकाची शीट ठेवायची, वर कोरा कागद टाकून रेषा गिरवायच्या. जीटी म्हणतात त्याला. सरांना सगळं माहीत होतं. त्यावर त्यांनी एक सोपा नियम करून ठेवला होता.

दोन शीट सारख्या निघाल्या, तर आधी आलेली खरी. नंतर आलेली चोरीची.

आदल्या वर्षी शिलाची शीट सगळ्यात शेवटी आली.

शिला शिरड शहापूरकडच्या एका तांड्यावरची. घरातलं कॉलेजात आलेलं पहिलंच लेकरू.

"कोणाची छापली गं?" सरांनी भर वर्गात विचारलं.

"माझीच हाय सर. समद्यांनी माझ्यावरून काढली. शीट हॉस्टेलभर फिरली, मला उशिरा वापस भेटली."

"वा! म्हणजे अख्खा वर्ग चोर अन् तू एकटी साव?"

वर्ग खदखदून हसला.

"मागून बोट फिरवून बघा ना सर. कंपासचं टोक रुतलेलं लागंल. काचेवर गिरवलेल्या शीटला ते न्हाई लागत."

सरांनी बोट फिरवलं नाही. शून्य दिलं. तिला सगळ्या शीट सोमवारपर्यंत पुन्हा काढायला सांगितल्या.

सोमवार उजाडलाच नाही तिच्यासाठी. कोऱ्या शीटची गुंडाळी काखेत धरून ती वारंगा फाट्यावर रस्ता ओलांडत होती. ट्रकवाल्याला दिसली नाही.

वर्ष गेलं.

त्या संध्याकाळी सर ड्रॉइंग हॉलमध्ये एकटेच नव्या पोरांच्या शीट तपासत बसले होते. बाहेर मैदानावर क्रिकेट रंगलं होतं. उन्हं टेबलांवर आडवी झाली होती.

टक्...

मागच्या टेबलावरून आवाज आला. लाकडात कंपासचं टोक रुतावं तसा. मग पेन्सिल गोल फिरल्याची खरखर.

सरांनी मान वर केली. कुणीच नव्हतं.

टक्...

एक टेबल पुढे.

"भीमराज?" सरांनी शिपायाला हाक मारली. उत्तर आलं नाही.

मग त्यांच्या लक्षात आलं... मैदानावरचा आवाज बंद पडला होता.

त्यांनी खिडकीतून पाहिलं. खेळ चालूच होता. बॅट फिरत होती, पोरं तोंडं उघडून ओरडत होती. पण आवाज नव्हता.

टक्...

आता सरांच्या टेबलावर. त्यांच्या तळहाताखालच्या शीटमधून काहीतरी टोकदार वर आलं आणि थेट बोटाच्या नखाखाली शिरलं. बोट उचलता येईना.

"आता लागलं का बोटाला, सर?"

अगदी कानाशी. चिडलेला आवाज नव्हता तो. वर्गात हजेरी द्यावी तसा, साधा.

"शिला... मी मार्क देतो तुला. पैकीच्या पैकी."

"मार्क ठेवा तुमच्यापाशीच. माझ्यावरून कुनी काढली, ते सांगा."

सरांना माहीत नव्हतं. त्यांनी कधी तपासलंच नव्हतं.

टोक आणखी आत गेलं. शीटवर रक्त पसरायला लागलं. आणि सरांना एवढंच आठवलं, की त्या वेळी सगळ्यात आधी शीट कोणाची आली होती.

"बालाजी!" ते ओरडले. "बालाजीनं काढली!"

बोट सुटलं.

मैदानावरचा गलका एकदम कानावर आदळला. दार उघडलं. पावलं व्हरांड्यातून निघून गेली... मुलांच्या हॉस्टेलकडे.

भीमराजमामा आत आले. "कुनाशी बोलून राहिले सर? अन् ही पोरगी कोन गेली आत्ता? हाक मारली तर वळलीबी न्हाई."

दुसऱ्या दिवशी बालाजीच्या उजव्या हाताची मूठ उघडेना. बोटं आत वळलेली, नखं तळव्यात रुतलेली. नांदेडच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. कारण सापडलं नाही.

सर भेटायला गेले तेव्हा बालाजी रडत होता.

"सर, ती रातभर इचारत व्हती, माझ्यावरून काहून काढली म्हनून. म्या जीटी मारलीच न्हाई सर! माझी शीट म्याच काढली व्हती. प्रश्न एकच, तर चित्र सारखंच यनार ना?"

सर उठून बाहेर आले.

बालाजीनं कॉलेज सोडलं. सरांनी दुसरा हॉल मागून घेतला. काही फरक पडला नाही. एखाद्या संध्याकाळी अजूनही मैदानावरचा आवाज अचानक बंद पडतो, आणि कानाशी प्रश्न येतो.

"आनखी कोन, सर?"

सर जमेल तितका वेळ गप्प राहतात.

मग एक नाव सांगतात.