मागच्या भिंतीवरची भाकरी

माझी बायको दैवशाला गेल्याचं मला येरमाळ्याच्या बसस्टँडवर कळलं. येडेश्वरीचं दर्शन घेऊन मी नळदुर्गकडे, गावी निघालो होतो. शेजारच्या शांतलिंगचा फोन आला.

“काका, काकू मागच्या भिंतीपाशी पडल्या.”

“उठली का?”

“तुम्ही आधी घरी या,” तो म्हणाला.

तिच्या हाताशी ज्वारीची भाकरी पडली होती. रोज दिवेलागणीला ती मागच्या भिंतीवर एक भाकरी ठेवायची. तिच्याआधी माझी आई ठेवायची. ती माझ्या चुलत्यांची, कल्याणप्पांची भाकरी. निजामाच्या काळात ते रझाकारांशी लढले आणि आमच्याच ओढ्यात गोळी लागून गेले. गावच्या हुतात्मा स्तंभावर पहिलं नाव त्यांचं आहे. सतरा सप्टेंबरला झेंडावंदन झालं की तिथं हार घालतात. भाकरीही तसाच मान असेल, असं मी धरून चाललो होतो. ती सकाळी तशीच असायची. दैवशाला ती गाईला घालायची.

पाहुणे गेल्यावर मीच भाकरी थापली. तव्यावर टाकताना कड तुटली. जशी झाली तशी भिंतीवर ठेवली.

सकाळी भाकरी नव्हती. मांजरानं नेली असेल म्हटलं.

दुसऱ्या दिवशीही कड तुटली, आणि भाकरी गेली. मग मागच्या दारात चिखलाचे पाय दिसले. पाऊस नव्हता. ओढा कोरडा होता. घरात बंदुकीच्या दारूचा वास येऊ लागला. एकदा मी चुलीपुढं बसलो असताना माझ्या मागं कुणीतरी खाकरलं.

शेजारच्या गजराआत्या आल्या तेव्हा मी भाकरी घेऊन मागं निघालो होतो.

“गुंडाप्पा, ही भाकरी हाय का तालुक्याचा नकाशा?” त्या हसल्या. मग जवळ येऊन बघितलं आणि हसायचं थांबल्या. “कड कुणी मोडली?”

“मोडली आपोआप. मला कुठं येतंय थापायला?”

त्या ओट्यावर बसल्या.

“मोडकी म्हंजी घरात धोका न्हाय, ये. अख्खी म्हंजी रझाकार हायती, फिर माघारी. बायकांची खूण होती ती. कल्याणप्पा मेल्यावरबी भिंतीपल्याड खाकरायचा. तवापासून तुझी आई अख्खीच ठेवायची. मग दैवशाला.”

“मला कुणी सांगितलं नाही.”

“गड्यांना सांगत नसतेत. चार फटके बसले की बोलतेत.” मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “उद्या मी थापून देते. अख्खी ठेव. न्हाय तर तुला संगं नेल्याबगर राहायचा न्हाय.”

त्यांनी दिलेली भाकरी गोल होती, अजून गरम होती. अंधार पडायच्या आत मी भिंतीपाशी गेलो.

पलीकडं कुणीतरी खाकरलं.

त्याच्या शेजारी बांगड्या वाजल्या.

दैवशालाला आम्ही लिंगायत रीतीप्रमाणं, हिरवा चुडा घालून पुरलं होतं. भाकरी थापताना तो वाजायचा, तसाच वाजला.

मी हाक मारली नाही.

भाकरीची कड मोडली आणि ती भिंतीवर ठेवली.

आता सकाळी मागच्या दारात दोघांचे पाय उमटलेले असतात. बाईमाणसाचे पाय आतल्या बाजूला. दोघांच्या मधे एका माणसापुरती जागा मोकळी असते.

गजराआत्या रोज भाकरी देतात आणि अख्खी ठेवली का म्हणून रोज विचारतात. अख्खी ठेवायची अजून राहिली आहे.